भेसळीचा स्फटिक आणि भंगाराचा ट्रक

सदर : असं का बरं?

दोस्तांनो, भेसळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची भुकटी, तांदळात खडे. भेसळ म्हणजे वाईट, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण आज मी तुम्हाला एका वेगळ्याच भेसळीची गोष्ट सांगणार आहे. ही भेसळ मुद्दाम करतात, अगदी मोजूनमापून करतात आणि ती केली नाही, तर वस्तू बिनकामाची ठरते! ही गोष्ट सुरू होते आपल्या खोपोलीपासून.

लिफ्टच्या बटणातला पाहुणा

कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली, की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशनं घेत गाडी खोपोलीला पोचते. खालापूर तालुक्याचा हा भाग कारखान्यांचा. त्यांतले काही कारखाने भंगार वितळवून नवं पोलाद करतात. गंजलेले पाइप, मोडक्या सायकली, जुनी यंत्रं, पत्रे असं सगळं ट्रकमधून येतं आणि भट्टीत जातं. हे काम चांगलंच आहे. जुनं लोखंड परत वापरलं, की खाणीतून तेवढं कमी खणावं लागतं. पण ट्रकभर भंगारात नेमकं काय काय आहे, हे कोण बघणार?

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये एक प्रकार उघडकीला आला. तिथल्या एका कारखान्यात लिफ्टची बटणं तयार होत. त्या बटणांचे पोलादी भाग भारतातून गेले होते. ते भाग चक्क किरणोत्सर्गी निघाले! पोलादात कोबाल्ट-६० मिसळलेलं होतं. सामान्य माणसाला वर्षभरात किरणोत्साराची जेवढी मात्रा चालते, त्यापेक्षा जास्त मात्रा त्या कारखान्यातल्या वीस कामगारांना मिळाली होती. ती जिवावर बेतण्याइतकी मोठी नव्हती, हे नशीब. पण अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर फ्रान्सने या घटनेला दुसऱ्या पायरीवर बसवलं. मग शोध सुरू झाला. हे पोलाद आलं कुठून? माग काढत काढत तपास येऊन पोचला खोपोलीतल्या एका ओतशाळेपर्यंत. कुठल्या तरी भंगारातून कोबाल्ट आलं होतं, भट्टीत वितळलं होतं आणि पोलादाबरोबर सातासमुद्रापार गेलं होतं.

दीड वर्षाने, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात याहून वाईट घडलं. विद्यापीठात कित्येक वर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होतं. ते यंत्र फोडण्यात आलं. एका माणसाचा जीव गेला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. यंत्र फोडणाऱ्यांना त्याच्या आत काय आहे, याची काहीच कल्पना नव्हती.

भट्टीत मरत नाही, डोळ्यांना दिसत नाही

आता तुम्ही म्हणाल, 'भट्टी एवढी तापते, लोखंडाचं पाणी होतं, मग कोबाल्टचा किरणोत्सार जळून जात नाही का?'

नाही ना! लोखंड साधारण १,५४० अंश सेल्सिअसला वितळतं. एवढ्या उष्णतेने अणू एकमेकांपासून सुटतात, इकडेतिकडे धावतात. पण किरणोत्सार निघतो अणूच्या अगदी पोटातून, म्हणजे केंद्रकातून. तिथपर्यंत भट्टीची धग पोचतच नाही. शिवाय कोबाल्ट हा मूलद्रव्यांच्या तक्त्यात लोखंडाचा सख्खा शेजारी. लोखंडाचा क्रमांक २६, कोबाल्टचा २७. तो वितळलेल्या लोखंडात छान मिसळून जातो. मग एका डबीतला धोका कित्येक टन पोलादात पसरतो. कोबाल्ट-६० चा जोर निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. तो पाव व्हायला आणखी सव्वापाच वर्षं.

आणि हा पाहुणा दिसत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. हात लावला तर चटकाही बसत नाही. गॅस गळला तर निदान वास येतो. इथे तेही नाही. म्हणून कारखान्याच्या दारात असा एखादा पहारेकरी हवा, ज्याला आपल्याला न दिसणारं दिसतं.

असा पहारेकरी काय करू शकतो, याची एक खरी हकिगत ऐका. डिसेंबर १९८३ मध्ये मेक्सिकोतल्या स्युदाद हुआरेझ शहरात कॅन्सरवरच्या उपचाराचं एक जुनं यंत्र भंगारात गेलं. त्यात कोबाल्ट-६० चे सुमारे सहा हजार बारीक दाणे होते. ते भट्टीत गेले आणि त्यांच्यासकट घरबांधणीच्या सळया आणि टेबलांचे पाय तयार झाले. कुणालाही पत्ता नाही. माल दुकानात गेला, घरांत बसला. पुढे १६ जानेवारी १९८४ ला अशा सळया भरलेला एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेपाशी आला. तिथे किरण मोजणारी यंत्रं बसवलेली होती. ती एकदम ओरडायला लागली! त्या एका इशाऱ्यामुळे सगळं प्रकरण बाहेर आलं. ट्रक दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर?

किरण पडला की चमक

हे पहारेकरी किरण ओळखतात तरी कसे? त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात एक खास पदार्थ असतो. त्याच्यावर अदृश्य किरण पडला, की तो क्षणभर चमकतो. या पदार्थाला 'सिंटिलेटर' म्हणतात. आपण त्याला 'लुकलुक्या' म्हणू या.

लुकलुक्याचा शोध जुना आहे. १९०३ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्रुक्स यांनी एक छोटी पितळी नळी बनवली. एका टोकाला झिंक सल्फाइडचा पडदा, त्याच्याजवळ रेडियमचा कण आणि दुसऱ्या टोकाला भिंग. अंधारात भिंगातून पाहिलं, की पडद्यावर ठिणग्यांची नुसती पखरण दिसायची. एक किरण आला की एक ठिणगी.

पुढे मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गाइगर आणि मार्सडन या ठिणग्या डोळ्यांनी मोजत. आधी बराच वेळ काळोखात बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग एक, दोन, तीन, चार... डोळे थकले की दुसऱ्याने बसायचं. याच मोजणीतून १९११ मध्ये अणूच्या मधोमध केंद्रक असतं, हे जगाला कळलं. काय चिकाटी असेल बघा!

नंतर डोळ्यांच्या जागी यंत्र आलं. फोटोमल्टिप्लायर नावाच्या काचेच्या नळीत मंद प्रकाश शिरला, की ती त्याचा विजेचा ठोका करते आणि तो लाखो पटींनी मोठा करते. मग चांगला, मोठा, आरपार दिसणारा लुकलुक्या शोधायची धडपड सुरू झाली. झिंक सल्फाइडची तर भुकटी. तिच्यातून प्रकाश नीट बाहेर पडत नाही. १९४७ च्या सुमारास जर्मनीत हार्टमुट काल्मान यांनी काय वापरलं असेल? आपण कपड्यांच्या कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या! म्हणजे नॅफ्थलीन. त्याच्या तुकड्यात गॅमा किरणांनी चमक उठते, हे त्यांनी दाखवलं. पण नॅफ्थलीन हलकं. गॅमा किरण त्यातून बरेचदा न थांबताच निघून जातो.

मग १९४८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइड निवडलं. आपल्या जेवणातल्या मिठाचा हा चुलतभाऊच. मिठात सोडियम आणि क्लोरीन, यात सोडियम आणि आयोडीन. आयोडीनचा अणू जड, म्हणून तो गॅमा किरणाला चांगला अडवतो. पण गंमत अशी, की शुद्ध सोडियम आयोडाइड आपल्या रोजच्या तापमानाला जवळजवळ गप्पच बसतं. किरण येतो, आपटतो आणि प्रकाश म्हणाल तर अगदी नावाला. हॉफस्टॅटर यांनी त्यात चिमूटभर थॅलियम मिसळलं. साधारण हजार अणूंमागे एक. आणि स्फटिक बोलायला लागला! दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा त्याच्यात पडली, तर सुमारे ३८ हजार प्रकाशकण निघतात. निळसर जांभळी चमक, आणि तीसुद्धा सेकंदाच्या चाळीस लाखाव्या भागात विझू लागते.

या मुद्दाम केलेल्या भेसळीला 'डोपिंग' म्हणतात. खेळाडूंना बंदी घालतात ते डोपिंग वेगळं, बरं का! तिथे तो गुन्हा, इथे मात्र ती कला.

खोपोलीचं वीजघर स्फटिकात

एवढ्याशा थॅलियमने असं काय होतं? ते समजायला पुन्हा खोपोलीलाच जाऊ.

पावसाळ्यात बोरघाटात पाणी किती ओसंडतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. डोंगरावरचं पाणी खाली येणारच. ओढ्यातून येईल, दगडांवर आपटेल, जमिनीत मुरेल. त्यातून दिवा लागेल का? नाही. पण १९१५ साली टाटांनी खोपोलीला वीजघर सुरू केलं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी मोठ्या पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणलं आणि त्याच्या जोरावर चक्रं फिरवली. पाणी तेच, डोंगर तोच. पण उतरण्याच्या वाटेवर चक्र बसवलं आणि मुंबईच्या गिरण्या विजेवर चालू लागल्या.

स्फटिकात अगदी असंच घडतं. गॅमा किरण आत शिरतो आणि एका इलेक्ट्रॉनला जबर धक्का देतो. तो इलेक्ट्रॉन वाटेतल्या हजारो इलेक्ट्रॉनांना त्यांच्या जागांवरून वर उचलतो. म्हणजे डोंगरावर पाणी चढलं. आता ते खाली येणार. शुद्ध स्फटिकात बहुतेकांची ऊर्जा इकडेतिकडे भटकते आणि स्फटिकाला किंचित गरम करण्यात संपून जाते. थॅलियमचा अणू म्हणजे वाटेवरचं वीजघर. भटकणारी ऊर्जा त्याच्यापाशी येते, त्याच्यातून पायरीपायरीने उतरते आणि उतरताना प्रकाशकण सोडते.

आणखी एक फायदा आहे. हा प्रकाशकण थोडा कमी ऊर्जेचा असतो. त्यामुळे आजूबाजूचं सोडियम आयोडाइड त्याला परत गिळू शकत नाही. चक्रावरून गेलेलं पाणी आपणहून डोंगरावर चढतं का? तसंच. म्हणून प्रकाश आरपार बाहेर येतो आणि नळीत पोचतो.

चिमूट केवढी? चिमूट कशाची?

मग थॅलियम जास्त घातलं, तर प्रकाश आणखी वाढेल ना? इथेच खरी मेख आहे. आईला विचारा, आमटीत चिमूटभर मीठ हवं म्हणून मूठभर घातलं तर काय होतं? थॅलियमचे अणू एकमेकांच्या फार जवळ आले, तर ते ऊर्जा एकमेकांकडे ढकलत बसतात आणि ती वाटेतच वाया जाते. कमी झाले, तर ऊर्जेला वीजघर सापडत नाही. मधलं प्रमाण साधायचं.

ते साधणंही सोपं नाही. स्फटिक वाढवण्याची एक रीत अशी : पदार्थ बंद नळीत वितळवायचा आणि ती नळी भट्टीच्या गरम भागातून थंड भागात अगदी हळूहळू खाली सरकवायची. तासाला काही मिलिमीटर! खालच्या टोकापासून स्फटिक गोठत वर येतो. पण थॅलियम आकाराने सोडियमपेक्षा मोठं. भरलेल्या लोकलमध्ये मोठं गाठोडं घेऊन चढणाऱ्या माणसासारखं. स्फटिक त्याला चटकन आत घेत नाही, वितळलेल्या भागाकडेच ढकलत राहतो. त्यामुळे आधी गोठलेल्या टोकाला थॅलियम कमी आणि शेवटी गोठलेल्या टोकाला जास्त, असं होतं. सगळीकडे सारखी चमक हवी असेल, तर फार काळजी घ्यावी लागते. शिवाय थॅलियम जहाल विषारी. ते हाताळणाऱ्यांना सगळी खबरदारी घ्यावी लागते.

आणखी एक खोड आहे. सोडियम आयोडाइड हवेतली ओल आधाशासारखं शोषतं. कर्जतच्या पावसाळ्यात आपल्या घरातलं मीठ कसं पाणी धरतं, ते आठवा. त्याहून हा चुलतभाऊ वरताण. उघडा ठेवला तर पिवळा पडतो, पाझरतो आणि निकामी होतो. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या डब्यात हवाबंद करतात आणि प्रकाश बाहेर पडायला एका बाजूला काचेची खिडकी ठेवतात.

आता चिमूट बदलून पाहू. सोडियमऐवजी सीझियम घेतलं, की होतं सीझियम आयोडाइड. याला ओलीचा त्रास बराच कमी. शुद्ध असताना हा फार मंद चमकतो, तोही अतिनील रंगात, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यात चिमूटभर सोडियम घातलं, तर चमक निळी होते. थॅलियम घातलं, तर पिवळसर हिरवी होते आणि प्रकाश भरपूर मिळतो. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टला पन्नास हजारांहून जास्त प्रकाशकण! ही पिवळसर हिरवी चमक सिलिकॉनच्या छोट्या चकतीला छान ओळखता येते. मग काचेची मोठी नळी लागत नाही आणि खिशात मावेल एवढा मापक करता येतो. स्फटिक एकच, चिमूट वेगळी आणि काम वेगळं. आहे की नाही कमाल?

हे स्फटिक आणायला फार लांब जायला नको. कर्जत लोकलने कुर्ल्याला उतरून हार्बर गाडीने मानखुर्द गाठलं, की जवळच तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. होमी भाभांनी उभारलेल्या या संस्थेला १९६७ मध्ये त्यांचं नाव मिळालं. तिथे थॅलियमवाले सोडियम आयोडाइडचे आणि सीझियम आयोडाइडचे स्फटिक वाढवले जातात. शिवाय एक नवा, लांबलचक नावाचा स्फटिकही : गॅडोलिनियम, गॅलियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा, आणि त्यात चिमूट सेरियमची. हा १,८०० अंशांच्या वर वितळतो. पावसापाण्याला मुळीच घाबरत नाही.

याच स्फटिकावर भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातल्या मंडळींबरोबर एक मजेदार प्रयोग केला, त्याचा निकाल २०१३ मध्ये छापून आला. त्यांनी सेरियमच्या जोडीला दुसरी चिमूट घालून पाहिली. कॅल्शियम घातलं, तर चमक लवकर विझू लागली, पण प्रकाश कमी झाला. बोरॉन घातलं, तर प्रकाश वाढला आणि मोजमापही जास्त नेमकं झालं. म्हणजे पहिली चिमूट स्फटिकाला बोलायला लावते आणि दुसरी त्याचा आवाज सुधारते.

सगळ्याच लुकलुक्यांना चिमूट लागते असं नाही, हेही सांगून ठेवतो. काही स्फटिक शुद्धच चमकतात. पण आजच्या चांगल्या स्फटिकांपैकी पुष्कळ जण भेसळीच्या जोरावरच उभे आहेत.

केळी की कोबाल्ट?

आता पुन्हा कारखान्याच्या दारात या. भंगाराचा ट्रक आला. दोन्ही बाजूंना उभ्या खांबांत बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे मोठे लुकलुके असतात. ते स्वस्त, मोठाले आणि चटकन जागे होणारे. त्यांच्यातही चमकणाऱ्या रंगद्रव्याची चिमूट असतेच! किरण नेहमीपेक्षा जास्त दिसले, की ते शिट्टी वाजवतात. पण कशामुळे वाजवली, ते त्यांना नीट सांगता येत नाही.

आणि शिट्टी उगाचसुद्धा वाजू शकते. आपल्या आजूबाजूच्या पुष्कळ साध्या वस्तूंत थोडासा नैसर्गिक किरणोत्सार असतो. केळ्यांत पोटॅशियम असतं आणि त्यातला अगदी बारीक भाग किरणोत्सर्गी असतो. पोटॅशच्या खतातही तेच. याला घाबरायचं कारण नाही, केळी खुशाल खा. पण खताने भरलेला ट्रक पहारेकऱ्याला चकवू शकतो.

इथे स्फटिकवाला छोटा मापक कामाला येतो. लुकलुक्याची खुबी अशी, की जेवढी ऊर्जा जास्त, तेवढे प्रकाशकण जास्त. थॅलियमवाल्या सोडियम आयोडाइडचा हिशोब पाहा :

सीझियम-१३७ चा किरण : सुमारे २५ हजार प्रकाशकण.
कोबाल्ट-६० चे दोन किरण : सुमारे ४४ हजार आणि ५० हजार.
पोटॅशियम-४० चा किरण : सुमारे ५५ हजार.

म्हणजे चमक मोजली, की किरण कोणाचा ते ओळखता येतं. जणू प्रत्येकाचा अंगठ्याचा ठसाच! पण ५० हजार आणि ५५ हजार यांतला फरक कळायला स्फटिक नेमका हवा. थॅलियम एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त असेल, तर ठसा पुसट उमटतो. पुसट ठशाने एकतर खताचा ट्रक उगाच अडकून पडेल, नाहीतर कोबाल्टचा ट्रक निसटून भट्टीत जाईल. भट्टीपाशी कुणाचे तरी बाबा, कुणाचा तरी काका उभा असतो. म्हणून ती चिमूट इतकी जिवाला लावून मोजायची.

दवाखान्यात आणि आकाशातही

हेच लुकलुके आणखी कुठे कुठे आहेत माहीत आहे? कॅन्सर शरीरात कुठवर पसरला, हे पाहायला पेट स्कॅन करतात. त्या यंत्राच्या कड्यात शेकडो, हजारो छोटे स्फटिक बसवलेले असतात. बऱ्याच यंत्रांत लुटेशियमचा स्फटिक आणि त्यात सेरियमची चिमूट असते. त्याची चमक सोडियम आयोडाइडच्या पाच-सहा पट लवकर विझते, त्यामुळे पटापट मोजणी होते.

आपल्या देशाने २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट ही दुर्बीण अवकाशात पाठवली. तिच्या एका यंत्रात थॅलियमवालं सीझियम आयोडाइड बसवलेलं होतं. नको असलेले किरण ओळखून ते बाजूला काढायचं, हे त्याचं काम. ते यंत्र घडवण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता.

आणि या लुकलुक्यांचा एक सबुरीवाला भाऊही आहे. एक्स-रे काढणारे काका किंवा ताई छातीवर एक छोटा बिल्ला लावतात, तो कधी पाहिलात? भारतात १९७५ पासून वापरात असलेल्या या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेट असतं; प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या घराण्यातलं. त्यात चिमूट डिस्प्रोसियमची. हा लगेच चमकत नाही. पडलेल्या किरणांची ऊर्जा तो महिनोन्‌महिने साठवून ठेवतो. मग प्रयोगशाळेत त्याला तापवलं, की साठवलेला हिशोब प्रकाशाच्या रूपाने देऊन टाकतो. किती प्रकाश निघाला, त्यावरून त्या माणसाला किती किरण लागले ते कळतं. हा बिल्लाही भाभा केंद्रानेच घडवला.

एवढं लक्षात ठेवा

पिवळ्या रंगावर काळी तीन पाती असलेलं चिन्ह दिसलं, तर ती वस्तू उचलायची नाही, उघडायची नाही, 'बघू तरी' म्हणून ठोकायची तर मुळीच नाही. एखादा डबा आकाराच्या मानाने फारच जड असेल आणि त्यावर असं चिन्ह असेल, तर आणखीच सावध व्हा. लांब व्हा, इतरांनाही लांब करा आणि लगेच मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी पोलिसांना कळवायचं. पुढचं काम मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची माणसं बघतात. २००७ पासून आणखी एक चिन्हही आलं आहे : लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही कळावं, 'इथून पळ!' म्हणून.

करून पाहा

स्फटिक पाहुण्याला सहज आत घेतो का, ते घरी पाहता येईल. मोठ्यांच्या मदतीने दोन काचेच्या पेल्यांत गरम पाणी घ्या. दोन्हींत विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा. एकात खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब टाका. दोन्ही पेल्यांत दोऱ्याला बांधलेला तुरटीचा छोटा खडा सोडा आणि पेले हलवू नका. आठवडाभराने स्फटिक काढून, एकदा पटकन धुऊन शेजारी शेजारी ठेवा. पाणी किती रंगीत आणि स्फटिक किती रंगीत, ते पाहा. मग सोडियमच्या घरात थॅलियमला जागा मिळवून देणं किती अवघड असेल, ते तुमच्या लक्षात येईल. तुरटीचं पाणी तोंडात घालू नका आणि हात धुवायला विसरू नका.

या आठवड्याचं कोडं

तुम्ही ओतशाळेच्या दारावर पहारेकरी आहात. ट्रक आला, शिट्टी वाजली. ट्रकवाला म्हणतो, 'साहेब, भंगाराखाली पोटॅश खताची दोन पोती आहेत, म्हणून वाजली.' तुम्ही सोडियम आयोडाइडचा मापक लावला. त्यात ५५ हजारांची चमक दिसते आणि तिच्या जोडीला ४४ आणि ५० हजारांची जोडगोळीही. ट्रक आत सोडाल की थांबवाल? आणि का?

उत्तर पुढच्या अंकात!